मसुरीची विंटरलाइन : ती रेघ नेमकी कशाची?

दर डिसेंबरात फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो, 'विंटरलाइन जगात फक्त दोनच ठिकाणी दिसते, मसुरी आणि स्वित्झर्लंड.' सोबत फोटो, पश्चिमेला पट्टीने मारल्यासारखी आडवी रेघ, वर केशरी, खाली जांभळट राखाडी. फोटो खराय, मी स्वतः मॉल रोडच्या रेलिंगला टेकून, हातातली मॅगी गार होईपर्यंत ती रेघ बघत बसलोय. 'फक्त दोनच' ही मात्र शुद्ध थाप.

उंचावर गार असतं हे शाळेतच शिकलो, किलोमीटरमागे साधारण 6.5 अंश. मसुरी 2000 मीटरवर, डेहराडून साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे नऊएक अंशांचा फरक. पण ही सरासरी झाली. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन उष्णता वर सोडून देते, ढगांची गोधडी नसल्यामुळे ती परत येत नाही, मग जमिनीलगतची हवा गारठते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी घसरत, डेहराडून जिथे वसलंय त्या दूनच्या खोऱ्यात साचते. एकीकडे शिवालिक, दुसरीकडे मसुरीची रांग, परातच ती! खाली गार, वर उबदार, याला म्हणतात इन्व्हर्जन.

आता खरी गंमत. खालून धूर निघाला की वर जाताना दाब कमी होतो, हवा फुगते आणि फुगता फुगता आपोआप गार होते (सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना बोटाला गार लागते ना, तेच), कोरड्या हवेत किलोमीटरला जवळपास 10 अंश. एरवी ती तरीही आजूबाजूपेक्षा गरम राहिली तर चढतच जाते. इन्व्हर्जनमध्ये मात्र ती गार होत चालली आणि आजूबाजूची हवा गरम होत चालली, म्हणजे ती जड ठरते आणि खाली ढकलली जाते. ढकलली की जरा जास्तच खाली जाते, मग पुन्हा वर, काही मिनिटांचा एकेक हेलकावा. या हेलकाव्यांच्या वेगाला ब्रंट-वैसाला फ्रिक्वेन्सी म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल. मुद्दा असा की वर आलेला कुठलाही फुगवटा दाबलाच जातो, म्हणून धूर, धूळ, बाष्प सगळं आडवं पसरतं आणि वरचा काठ टाकीतल्या पाण्यासारखा सपाट होतो.

तो थर आपण कडेने बघतो, नजर कित्येक किलोमीटर धुरळ्यातून जाते, म्हणून काठ इतका गडद. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो, केशरी उरतो. सूर्य खऱ्या क्षितिजाआधीच त्या रेघेमागे बुडतो.

म्हणजे स्वित्झर्लंडचं काही खास नाही. थराच्या वर उभं राहायला जागा हवी, बस. थंडीत सकाळी सिंहगडावरून पुण्यावरची राखाडी चादर बघा, बहीणच तिची. आणि हो, त्या सुंदर रेघेत धूळ नि धूरच जास्त, हॉटेलवाले हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

मसुरीत मी रेघ बघितली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सडकून पाऊस झाला, धूळ धुऊन गेली. संध्याकाळी आभाळ लख्ख, रेघेचा पत्ता नाही, आणि शेजारचे काका टपरीवाल्याला विचारतायत, 'आज विंटरलाइन बंद आहे का?'