बायोचार आणि ऊर्जापिकं: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

बायोचार म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा. त्याची चौकशी करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "हेक्टरी किती टाकायचा?" आम्ही त्याआधी एकच विचारतो: मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी हे सांगणारा आकडा) किती आहे? तो कळल्याशिवाय आम्ही कोणालाही माल सुचवत नाही. त्याचं कारण समजावं म्हणून हे पत्रक.

भट्टीत काय होतं

लाकडाचे तुकडे, काडीकचरा किंवा गवत हवा जवळजवळ बंद ठेवून ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवलं की बायोचार तयार होतो. तेच उघड्यावर जाळलं तर मागे राख उरते आणि जवळजवळ सगळा कर्ब (कार्बन) हवेत जातो. संथ तापवणाऱ्या बंद भट्टीत मात्र साधारण निम्मा कर्ब कोळशात राहतो. उरलेला वायू आणि तेलाच्या रूपात बाहेर पडतो. हा वायू जाळून त्याच्या उष्णतेवर पुढचा कच्चा माल सुकवता येतो. तो न जाळता सोडला तर धुराबरोबर मिथेनही जातो आणि हवामानासाठी केलेली मेहनत तिथेच वाया जाऊ लागते. त्यामुळे भट्टी सतत दाट धूर ओकत असेल तर तिचा माल घेऊ नका, मग ती भट्टी आमची असो वा दुसऱ्या कुणाची.

चांगला कोळसा हातानेही ओळखता येतो. तुकडा टणक जागी टाकला की खणखणीत वाजतो. बोटांवर चोळला तर काळं लागतं, पण नुसत्या पाण्याने निघून जातं. हात तेलकट झाला, साबण लागला किंवा धुराचा वास आला, तर आत डांबर राहिलं आहे असं समजा.

कोणत्या जमिनीला उपयोग

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात 'टेरा प्रेटा' नावाची काळी माती आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांभोवती शेकडो वर्षांपूर्वी ती तयार झाली आणि आजही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुपीक आहे. डच मृदाशास्त्रज्ञ विम सॉम्ब्रुक यांनी १९६६ मध्ये तिच्याविषयी लिहिलं आणि पुढे बायोचारच्या संशोधनाला तिथूनच चालना मिळाली. पण त्या मातीत कोळसा एकटा नाही. हाडं, खापरं, राख, उकिरडा असं सगळं त्यात आहे. हे विसरून निव्वळ कोळसा पसरणाऱ्यांची निराशा होते.

जगभरातल्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, तर समशीतोष्ण प्रदेशात सरासरी वाढ दिसलीच नाही. बायोचार बहुधा विम्लधर्मी असतो. आम्लधर्मी, हलक्या, कस कमी असलेल्या जमिनीत तो चुन्यासारखं काम करतो आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायला मदत करतो. जमीन मुळातच सुपीक असेल तर पिकात फरक दिसेलच असं नाही. सामू आधीच चढा असेल तर आम्ही स्पष्ट नको म्हणतो.

ऊर्जापिकांचं गणित

ऊर्जापिकं म्हणजे जाळून ऊर्जा मिळवण्यासाठी किंवा कोळसा करण्यासाठी लावलेली पिकं. त्यातलं मिस्कँथस हे उंच, बहुवर्षायू गवत. एकदा कंद लावले की पंधरा-वीस वर्षं दरवर्षी कापणी मिळते. जमीन पुन्हा पुन्हा नांगरावी लागत नाही, त्यामुळे मुळांशी कर्ब साठत जातो. पाला वाळेपर्यंत थांबून कापलं तर बरीचशी अन्नद्रव्यं कंदांत परततात आणि खत कमी लागतं. स्विचग्रास हे गवत आणि दर काही वर्षांनी छाटलं जाणारं विलोचं झाड ही याच वर्गातली पिकं.

ती कुठे लावली यावर मात्र सगळं ठरतं. जंगल किंवा जुनं गवताळ रान मोडून लावली, तर मातीतून आणि झाडोऱ्यातून सुटलेला कर्ब भरून निघायला अनेक दशकं लागू शकतात. २००८ मध्ये दोन शोधनिबंधांनी हा हिशेब ठळकपणे मांडला. म्हणून धान्याला न परवडणाऱ्या जमिनीवरचं गवत किंवा पिकांचे अवशेष, एवढाच कच्चा माल आम्ही घेतो.

मग ते गवत जाळून वीज करावी की कोळसा करून मातीत घालावा? २०१० च्या एका मोठ्या अभ्यासानुसार हवामानासाठी बहुतेक ठिकाणी बायोचार सरस ठरतो. जमीन आधीच सुपीक असेल आणि त्या विजेमुळे दगडी कोळसा जाळणं टळत असेल, तिथे जाळणं बरं. हे आमच्या धंद्याच्या विरोधात जात असलं, तरी ग्राहकाला ठाऊक असायला हवं.

एक टन बायोचार मातीत किती कर्ब साठवतो, त्याचा हिशेब असा: कर्ब ७५ टक्के आणि भट्टी ४५० ते ६०० अंशांची धरू. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या) २०१९ च्या पद्धतीनुसार त्यातला सुमारे ८० टक्के कर्ब शंभर वर्षांनंतरही मातीत राहतो. म्हणजे ०.६ टन कर्ब, किंवा सुमारे २.२ टन कार्बन डायऑक्साइड. यातून वाहतूक आणि दळणाचं उत्सर्जन वजा करायचं.

वापरताना

कोरडा बायोचार थेट शेतात घातला तर सुरुवातीला तो नत्र स्वतःकडे धरून ठेवू शकतो. आधी ओलसर कंपोस्टमध्ये मिसळा, ढीग काही आठवडे मुरू द्या, मगच मुळांच्या थरात घाला. हेक्टरी १० टन म्हणजे वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीच्या जेमतेम अर्धा टक्का. एवढा परवडत नसेल तर ओळीत किंवा खड्ड्यात, मुळांजवळच द्या.

पोतं उघडण्याआधी नाकातोंडावर मास्क लावा आणि लगेच पाणी शिंपडा. भुकटी बारीक असते, श्वासातून छातीत जाते, आणि ताज्या कोळशाचा कोरडा ढीग आपोआप तापून पेटूही शकतो.