कोएनोफ्लॅजेलेट आणि कोएनोसाइट: दिसायला जुळे, नातं मात्र वेगळं

उधाणाच्या दिवसांत हाजी अलीजवळच्या खडकांवरून ओहोटीचं पाणी लांब सरकतं, तेव्हा कपारीत चिकटलेले स्पंज उघडे पडतात. बरेच जण शेवाळ समजून पुढे जातात. स्पंज हा प्राणी आहे, आणि या दोन सारख्या दिसणाऱ्या पेशींचा आपला घोळ त्याच्या पोटातला आहे.

स्पंजच्या आतल्या पोकळ्यांना कोएनोसाइट पेशींचं अस्तर असतं. प्रत्येकीला एक शेपूट, तिच्याभोवती बारीक धाग्यांची कॉलर. थेट बॅडमिंटनचं शटलकॉक. शेपूट हलते, पाणी वाहतं, जीवाणू कॉलरला अडकतात. कोएनोफ्लॅजेलेट दिसतोही असाच, खातोही असाच. पण तो कुणाच्या शरीराचा भाग नाही. एकच पेशी, तोच अख्खा जीव. प्राण्यांचा सर्वांत जवळचा नातलग, पण प्राणी नव्हे.

हे साम्य हेन्री जेम्स-क्लार्कने १८६०च्या दशकातच टिपलं होतं. त्यातून समज रुजला की अशा पेशींची वसाहत झाली, तोच पहिला प्राणी, आणि कोएनोसाइट ही त्याची खूण.

२०१९ मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठाच्या गटाने ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका स्पंजाच्या पेशींत कोणती जनुकं चालू असतात ते तपासलं. कोएनोफ्लॅजेलेटशी सर्वांत कमी जुळली ती नेमकी कोएनोसाइट! उलट आर्किओसाइट, म्हणजे कॉलर नसलेली, अमिबासारखी फिरणारी स्पंजची स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी घडवणारी मूळ पेशी), तिची विभाजनाची आणि जनुक-नियंत्रणाची यंत्रणा एकपेशीय नातलगांच्या वाढीच्या अवस्थेशी मिळतीजुळती निघाली. शिवाय या स्पंजात कोएनोसाइटसुद्धा कॉलर टाकून पुन्हा आर्किओसाइट होऊ शकते. म्हणून प्राण्यांचा पूर्वज ठरावीक साच्यातला नसून रूपं बदलणारा असावा, असा त्यांचा कयास. मला तो पटतो, पण कॉलरचं साम्य निव्वळ योगायोग म्हणायला मी अजून तयार नाही.

कोएनोफ्लॅजेलेटकडे स्टेम सेल कुठून असणार? तरी त्याच्याकडे सॉक्स जनुक आहे, प्राण्यांच्या स्टेम सेलला लागणाऱ्या जनुकांच्या कुळातलं. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये चार घटक वापरून उंदराच्या साध्या पेशी प्लुरिपोटंट, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकतील अशा, केल्या. त्यातला एक सॉक्स-२. २०२४ मध्ये त्याच्या जागी कोएनोफ्लॅजेलेटचं सॉक्स घातलं, तरी पेशी प्लुरिपोटंट झाल्या, आणि त्या उंदराच्या भ्रूणात सोडल्यावर मिश्र पेशींचं पिल्लूही जन्मलं. कोएनोफ्लॅजेलेटच्या पीओयू या दुसऱ्या जनुकाला मात्र चार घटकांतल्याच ऑक्ट-४ची जागा घेता आली नाही.