कूस बदलली आणि घर फिरलं

पहाटे चारच्या सुमारास आईने उजव्या कुशीवर वळायचा प्रयत्न केला आणि खोली गरगरा फिरायला लागली. पंखा, कपाट, छत, सगळंच. तिने पलंगाची कड घट्ट धरून ठेवली. अर्ध्या मिनिटात फिरणं थांबलं, पण उलटी झालीच. घरात एकमताने ठरलं, बीपी असणार. बीपी व्यवस्थित निघालं तेव्हा पित्तावर बोट गेलं, मग मानेच्या मणक्यावर. दीड महिना चक्करेच्या गोळ्या झाल्या, मानेला पट्टा झाला. आडवं व्हायचीच धास्ती बसल्यामुळे आई आरामखुर्चीत बसूनच झोपायला लागली.

शेवटी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे झोपवलं, डोकं कडेखाली किंचित लोंबतं ठेवून. "डोळे उघडे ठेवा, आजी." मी शेजारीच उभी होते. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग तिची बुबुळं आपोआप गोल झटके द्यायला लागली. ती काही बघत नव्हती, डोळे तिच्या ताब्यातच नव्हते. वीसेक सेकंदांनी ते शांत झाले. "कानातले खडे सरकलेत," डॉक्टर म्हणाले.

खडे म्हणजे मळाचे नव्हेत. कानशिलामागे, शरीरातल्या सर्वांत टणक हाडाच्या आत, द्रवाने भरलेली एक गुंतागुंतीची पोकळी असते. तोच अंतर्कर्ण. त्याचा एक भाग शंखासारखा वळलेला, हरभऱ्याएवढा. तो ऐकण्यासाठी. उरलेला भाग फक्त तोल सांभाळतो. त्यात दोन छोट्या पिशव्या आणि तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. पिशव्यांमध्ये चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपल्यात असतो त्याच पदार्थाचे, अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. डोकं कललं किंवा लिफ्ट सुटली की या वजनदार कणांमुळे पडदा सरकतो आणि खालच्या पेशींवरचे केस वाकतात. खाली कुठे आणि वर कुठे, हे डोळे मिटूनही कळतं ते यामुळे.

नळ्यांचं काम वेगळं. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा भेटतात, साधारण तशा या तीन नळ्या एकमेकींशी काटकोनात असतात. डोकं कोणत्याही दिशेने वळलं तरी निदान एका नळीला ते कळतंच. मंगळागौरीची फुगडी आठवा. फुगडी सुरू होते तेव्हा डोक्याबरोबर नळी लगेच फिरते, पण आतला द्रव मागे रेंगाळतो. नळीच्या फुगीर टोकाशी जेलीसारखी टोपी असते, ती या द्रवामुळे वाकते आणि मेंदूला कळतं की आपण फिरतोय. काही वेळाने द्रवही तेवढ्याच वेगाने फिरायला लागतो आणि टोपी सरळ होते. मग हात सुटतात, पाय थांबतात, पण द्रव थांबत नाही. तो टोपीला आता उलट्या बाजूला ढकलतो. आपण उभे असतो आणि अंगण उलटं फिरत राहतं. लहानपणी आम्ही मुद्दाम या क्षणासाठीच फुगडी घालायचो.

आईच्या बाबतीत पिशवीतले काही कण सुटून मागच्या बाजूच्या नळीत घरंगळले होते. ती कुशीवर वळली की कण खाली सरकायचे, द्रवाला ओढायचे, आणि मेंदूला निरोप जायचा की डोकं वेगाने फिरतंय. उजवा कान असं सांगायचा, डावा कान आणि डोळे दुसरंच सांगायचे. दीड महिना घेतलेली एकही गोळी ते कण जागचे हलवू शकत नव्हती.

उपाय अमेरिकेतल्या जॉन एपली या डॉक्टरांनी शोधला, आणि तो मला आजही विलक्षण वाटतो. कण गुरुत्वाकर्षणाने आत गेले, तर गुरुत्वाकर्षणानेच बाहेर काढायचे. मान उजवीकडे ठेवून झोपवायचं, थांबायचं. मान डावीकडे वळवायची, थांबायचं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. मग उठवून बसवायचं. नळीच्या वळणावळणाने कण पुन्हा पिशवीत येतात. आईला हे सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या रात्री ती पलंगावर झोपली.

(एक मात्र ध्यानात ठेवा. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एक वस्तू दोन दिसली, हातापायातली ताकद गेली किंवा उभंच राहता येईना, तर तो कानाचा खेळ समजू नका, तडक हॉस्पिटल गाठा.)

कानातल्या बिघाडाने बुबुळं का फिरावीत? हा धागा व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी या तरुण डॉक्टरांनी पकडला. रुग्णांचे कान पाण्याने धुताना त्यांना चक्कर येते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एका रुग्णाने पाणी फार गार असल्याची तक्रार केली, म्हणून पुढच्या वेळी चांगलंच गरम पाणी आलं, आणि डोळ्यांचे झटके उलट दिशेला पडायला लागले. गार पाण्याने जवळच्या नळीतला द्रव जड होऊन खाली बसतो, गरम पाण्याने हलका होऊन वर चढतो, म्हणून दिशा बदलते. या कामासाठी त्यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं. ती बातमी आली तेव्हा ते रशियाच्या कैदेत, युद्धकैदी होते.

कान आणि डोळे किती घट्ट बांधलेले आहेत, हे आत्ताच करून बघा. मोबाईल स्थिर धरून 'नाही नाही' अशी मान हलवत ही ओळ वाचा. वाचता येते. आता मान स्थिर ठेवून मोबाईल तितक्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट होतात. पहिल्या वेळी नळ्यांनी सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळ्यांना उलट दिशेने वळवलं. दुसऱ्या वेळी त्यांना काही कळलंच नाही. घाटात गाडी लागते त्याच्याही मुळाशी हाच बेबनाव आहे. मांडीवरच्या पुस्तकात डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण कान प्रत्येक वळण मोजत असतो. दोन्ही अंतर्कर्ण निकामी असलेल्या माणसांना गाडी लागत नाही.

आता शंखाकडे. तोल सांभाळणाऱ्या पेशी आणि ऐकणाऱ्या पेशी एकाच घराण्यातल्या. डोक्यावर सूक्ष्म केसांचा जुडगा, तो एका बाजूला वाकला की विद्युत संदेश तयार होतो. नळीत त्या केसांना डोक्याची हालचाल वाकवते, शंखात आवाजाची लाट. उलगडला तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल अशा या शंखात एक लवचीक पट्टी असते. ती तोंडाशी अरुंद आणि ताठ, आत टोकाशी रुंद आणि सैल. बारीक, उंच स्वर तोंडाशी लाट उठवतात, खर्ज आत टोकापर्यंत पोचतो. जॉर्ज फॉन बेकेसी यांनी मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून ही लाट प्रत्यक्ष पाहिली. १९६१चं नोबेल त्याबद्दलच.

आपल्या एका कानात ऐकणाऱ्या केशपेशी साधारण १५,०००. मेंदूकडे आवाज पोचवण्याचं मुख्य काम त्यातल्या फक्त ३,५०० जणी करतात. उरलेल्या आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात, लांबतात आणि क्षीण लाट मोठी करून देतात. या धडपडीतून कान स्वतःच अगदी हलका आवाज बाहेर टाकतो, हे लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवलं. आज नवजात बाळाला ऐकू येतं का, हे झोपेतच तपासता येतं ते यामुळे. कानात छोटी खुंटी बसवायची आणि बाळाचा कान उत्तर देतो का ते ऐकायचं.

मात्र या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात, आपल्या शंखात नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही कामाच्या जागी वापरली जाणारी एक प्रचलित मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे किंवा ताशाच्या शेजारी आपण किती तास उभे असतो? रात्री कानाला दडे बसतात, सकाळी सुटतात आणि आपण निर्धास्त होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत २००९ साली दिसलं की ऐकू येणं पूर्ववत झालं तरी केशपेशींना जोडलेली मज्जातंतूंची टोकं कायमची गळालेली असू शकतात. पथकातल्या मुलामुलींनी कानात बोळे घालून वाजवावं, असं मला फार कळकळीने वाटतं. तालाचं काही बिघडत नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांनी आईच्या ऐकण्याचीही तपासणी करून घेतली. कागदावरची रेघ डावीकडे बरी चालली होती आणि उंच स्वरांपाशी खाली कोसळली होती. ती वर्षानुवर्षं म्हणायची, "आवाज येतो गं, पण शब्द कळत नाहीत." स, श, फ ही अक्षरं त्या उंच स्वरांतच असतात. खडे जागेवर गेले, तसं या पेशींचं काही करता येणार नव्हतं. यंत्र घ्या, म्हणाले. तिने घेतलंय, कधी लावते, कधी काढून डबीत ठेवते. डबीत असलं की मी स्वयंपाकघरातून हाक मारत नाही, तिच्यासमोर जाऊन बसते आणि मग बोलते.