कनेक्शन पूल

डेटाबेस सर्व्हरशी आधीच जोडून ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या कनेक्शनांचा साठा. नाशिककराला ‘पूल’ म्हटले की गोदावरीवरचा होळकर पूल आठवणार. हा शब्द मात्र इंग्रजीतला, अर्थ सामायिक साठा.

नवे कनेक्शन उघडणे खर्चिक असते. आधी टीसीपीची (नेटवर्कवर संपर्क जोडण्याची) देवाणघेवाण, मग टीएलएस (संवाद गुप्त ठेवण्याची जुळणी), मग पासवर्डची पडताळणी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर प्रत्येक कनेक्शनामागे सर्व्हरवर स्वतंत्र प्रोसेस (चालता प्रोग्राम) उभी राहते. क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) चिमुकली आणि तिची पूर्वतयारीच मोठी, असे होऊन बसते. म्हणून ॲप्लिकेशन काही कनेक्शने उघडी ठेवते. कोडने एक घ्यायचे, काम उरकले की परत द्यायचे. ‘क्लोज’ लिहिले तरी ते तुटत नाही, साठ्यात जाऊन बसते.

पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजारातले कॅरेट असेच फिरतात. रिकामे कॅरेट परत आले नाहीत, तर माल असूनही भरायला काही उरत नाही. कोडमध्ये मध्येच एरर येऊन कनेक्शन परत करायचे राहिले की तेच घडते. याला ‘कनेक्शन लीक’ म्हणतात. ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, गर्दीच्या वेळीच उघडी पडते. काम संपताच कनेक्शन आपोआप परत करणारे जावातील ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ किंवा पायथॉनमधील ‘विथ’ वापरल्यास ती टळते.

पूल मोठा तितका वेग जास्त, हा समज चुकीचा. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनांची, त्यांतली ३ सुपरयूजरसाठी (डेटाबेसच्या मुख्य प्रशासकासाठी) राखीव. ॲपच्या ५ प्रती आणि प्रत्येकीचा पूल २० चा, एवढ्यातच हिशेब चुकला. शिवाय प्रोसेसरच्या कोरपेक्षा (एकाच वेळी काम करणाऱ्या गाभ्यांपेक्षा) फार जास्त क्वेरी एकदम सोडल्या तर त्या एकमेकींनाच अडवतात. प्रचलित ठोकताळा: कोरच्या दुप्पट अधिक डिस्कची संख्या, म्हणजे ४ कोर व १ डिस्क असेल तर ९. जावातील हिकारीसीपी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीचा मूळ आकडाही १० च आहे. त्यात कनेक्शन मोकळे नसेल तर रांगेतली विनंती ३० सेकंद थांबते, मग एरर.

शिळे कनेक्शन हा वेगळा त्रास. समजा, लासलगावच्या कांदा लिलावाचे भाव दाखवणारे ॲप मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालते. लिलाव संपल्यावर रात्रभर कोणी फिरकत नाही. ८ तास निपचित पडलेले कनेक्शन मायएसक्यूएल मूळ सेटिंगनुसार स्वतःहून तोडते. पूलला त्याचा पत्ता नसतो, आणि सकाळी पहिला भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला एरर येते. हिकारीसीपी म्हणूनच कनेक्शनचे आयुष्य ३० मिनिटांवर बांधून ठेवते.