साखळ्या कोणी सोडल्या?

मनोविकारशास्त्राच्या इतिहासात एक चित्र हमखास भेटतं. तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकारानं ते १८७६ मध्ये काढलं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचं अंगण. मधोमध एका मनोरुग्ण तरुणीच्या साखळ्या सोडल्या जात आहेत, जवळ डॉक्टर फिलिप पिनेल उभे आहेत आणि एक बाई त्यांच्या हातावर ओठ टेकते आहे. चित्र देखणं आहे, पण गोष्ट अर्धीच सांगतं.

उरलेली अर्धी पॅरिसजवळच्या बिसेत्र इथल्या पुरुषांच्या रुग्णालयात घडली. झां-बातीस्त प्युसँ हा कातडी कमावणारा माणूस गंडमाळांच्या उपचारासाठी तिथे दाखल झाला, बरा झाला आणि तिथेच नोकरीला लागला. पुढे वेड्यांच्या विभागाची व्यवस्था त्याच्याकडे आली. वैद्यकाचं शिक्षण शून्य. नियम मात्र सक्त : रुग्णानं हात उगारला, तरी नोकरांनी मारायचं नाही. नोकर निवडताना तो बरे झालेले किंवा बरे होत आलेले रुग्ण घेई. साखळीचा काच त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती!

१७९३ मध्ये पिनेल तिथे आले आणि डॉक्टरकीचा तोरा बाजूला ठेवून या माणसाकडून शिकले. हे मला साखळ्या सोडण्याइतकंच मोठं वाटतं. वेड लागलं तरी बुद्धी पार विझत नाही, उरलेल्या शहाणपणाशी बोलता येतं, हा त्यांच्या उपचाराचा पाया. या उपचाराला त्यांनी फ्रेंचमध्ये ‘मोराल’ म्हटलं. त्या शब्दाचा इथला अर्थ नैतिक नव्हे, मानसिक.

बिसेत्रमधल्या साखळ्या प्युसँनं काढल्या १७९७ मध्ये. पिनेल तेव्हा तिथे नव्हतेच. दोन वर्षांपूर्वी ते साल्पेत्रिएरला गेले होते. नंतर त्यांनी प्युसँलाही तिकडे बोलावून घेतलं आणि त्याचं श्रेय लिहूनही ठेवलं. पण पिनेल यांचा मुलगा आणि त्यांचे शिष्य एस्किरोल या दोघांनी पसरवलेल्या कथेत नायक डॉक्टरच राहिले.

अर्थात, साखळी गेली म्हणजे बंधन गेलं असं नाही. अनावर रुग्णाला प्युसँ लांब बाह्यांचा, हात जखडणारा जाड सदरा घालत असे. इंग्लंडमध्ये चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये यॉर्कला ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णालय उघडलं. तिथे अंगणात रुग्णांसाठी ससे आणि कोंबड्या होत्या. खिडक्यांना गज नव्हते. चौकटी मात्र लोखंडी होत्या, लाकडाच्या वाटाव्यात अशा रंगवलेल्या.