पार्किन्सन्स आणि मनावर परिणाम करणाऱ्या वनस्पती : धोके

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, त्यामुळे बहुतेक पेशंट लेव्होडोपावर (मेंदूत जिचं डोपामिन होतं ती गोळी) असतात आणि बऱ्याच जणांना सोबत सेलेजिलीन किंवा रासाजिलीनसारखी एमएओ-बी (डोपामिन मोडणारं एन्झाइम) रोखणारी गोळीही असते. धोका नुसत्या वनस्पतीचा नसतो, ती या गोळ्यांना पोटात गाठते तेव्हा खरा घोळ होतो.

सगळ्यात जास्त चर्चा आयाहुआस्काची. ॲमेझॉन खोऱ्यातल्या या काढ्याच्या वेलीत हार्मिन आणि हार्मालिन असतं, आणि गंमत म्हणजे १९२०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत लुईस लेविन आणि कुर्ट बेरिंगर यांनी हेच हार्मिन पार्किन्सन्सच्या पेशंटना देऊन पाहिलं होतं, काहींचा ताठरपणा कमीही झाला. लोक हा दाखला हमखास देतात, पण तेव्हा लेव्होडोपाची गोळी नव्हती हे सोयीस्करपणे विसरतात. हार्मिन एमएओ-ए (त्याच एन्झाइमचा दुसरा प्रकार) अडवतं, त्यात लेव्होडोपा असेल तर बीपी एकदम भडकू शकतं. डिप्रेशनची एसएसआरआय गोळी चालू असेल तर सेरोटोनिन सिंड्रोमची (शरीरात सेरोटोनिन हे रसायन अति वाढण्याची) भीती, म्हणजे घाम, ताप, थरथर, गोंधळ, आणि थरथर तर आधीपासूनच असते त्यामुळे घरच्यांना वाटतं आजारच वाढलाय आणि त्यातच वेळ जातो.

भास हा वेगळाच प्रकार. या आजारात ते एरवीही होतात, आणि त्यावरचं पिमाव्हॅनसेरिन, ज्याला अमेरिकेत २०१६ला मान्यता मिळाली, ते ५-एचटी२ए रिसेप्टर (मेंदूच्या पेशींवर सेरोटोनिन चिकटण्याची जागा) शांत करतं. सायलोसायबिन (ते मशरूममधलं, पण लोक याच यादीत धरतात) आणि डीएमटी (आयाहुआस्काच्या काढ्यातलं भास घडवणारं द्रव्य) नेमका तोच रिसेप्टर चेतवतात. आता काय ते समजून घ्या.

धोतऱ्यातले ॲट्रोपिन, स्कोपोलामिन कंप थोडा कमी करतात खरं, पण वयस्क माणसाला भ्रम, लघवी अडकणं, विसराळूपणा हे सगळं सोबत येतं. गांजाने उभं राहताना बीपी पडतं, आधीच तोल जाणाऱ्याला तेवढं पुरे. कावाने (पॅसिफिक बेटांवरची मन शांत करणारी मुळी) पार्किन्सन्सची लक्षणं वाढल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. सर्पगंधेतलं रिझर्पिन तर मेंदूतला डोपामिनचा साठाच रिकामा करतं, म्हणजे गोळीच्या बरोब्बर उलट काम. इबोगेनने (आफ्रिकेतल्या इबोगा झुडपातलं द्रव्य) हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झालेत.

काही जण असा काढा घेण्याआधी 'शरीर साफ करायला' लेव्होडोपाच बंद करतात, हे फार वाईट, कारण गोळी अचानक तोडली की प्रचंड ताप, लाकडासारखं ताठ शरीर आणि बेशुद्धी येऊ शकते, जिवावरही बेततं.