कोवळ्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं का?

‘सकाळी सातचं कोवळं ऊन घ्या, ड जीवनसत्त्व मिळेल’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व घडवणारे अतिनील-बी किरण (साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर) सकाळी तिरपे येतात आणि वाटेतला ओझोन ते जवळजवळ सगळे शोषून घेतो. अंगणात उभं राहून आपली सावली बघा. ती उंचीपेक्षा बरीच आखूड झाली, म्हणजे साधारण ११ ते ३, की हे किरण पुरेसे पोचतात. हात-पाय उघडे ठेवा, सावळ्या त्वचेला जास्त वेळ द्या, पण कातडी चुरचुरायच्या आत सावलीत या. बंद खिडकीआडचं ऊन नुसतंच ऊबदार. काच हे किरण अडवते. सकाळचं फिरणं मात्र सोडू नका, त्या उजेडाने झोपेचं चक्र जागेवर राहतं.